मुलांच्या संघासोबतचा मोठा माणूस

मंडळी, पत्रिकेवर आजच्या विषयाचं नाव 'क्रीडा मार्गदर्शकांची आचारसंहिता' असं छापलं गेलं आहे. आचारसंहिता म्हटलं की आपल्याकडे निवडणूकच आठवते. ती लागते, मग उठते, आणि उठली की सगळं पहिल्यासारखं. आम्हांला तसली आचारसंहिता अभिप्रेत नाही. आम्हांला एका साध्या प्रश्नावर बोलायचं आहे. मुलांच्या संघासोबत जो मोठा माणूस असतो, त्यानं कसं वागावं? आणि ते त्याच्या एकट्याच्या मर्जीवर सोडावं का?

'मोठा माणूस' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. आपण लगेच शाळेतल्या पी.टी.च्या सरांकडे बोट दाखवतो. पण संघासोबत केवळ तेच नसतात. क्लबचा प्रशिक्षक असतो, व्यवस्थापक म्हणून नाव लावलेला संस्थाचालकाचा नातेवाईक असतो, गाडीचा ड्रायव्हर असतो, पंच असतो, बक्षीस द्यायला आलेले पुढारी असतात आणि मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडणारे आईबाप असतात. मुलांच्या दृष्टीनं हे सगळे एकाच बाजूचे: मोठ्यांच्या बाजूचे.

वऱ्हाडाला हा विषय परका नाही. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूनं तिथे कबड्डीसह आपल्या देशी खेळांचं प्रात्यक्षिक दाखवलं. म्हणजे देशात क्रीडा खातं वगैरे काही नव्हतं, तेव्हा आपल्या जिल्ह्यातली पोरं मोठ्यांच्या भरवशावर समुद्र ओलांडून गेली होती. शहरात ही मंडळं होती आणि खेड्यात आखाडे होते. आखाड्यात वस्ताद. वस्ताद पहाटे पोरांच्या आधी उठायचा, लाल माती स्वतः खणायचा, पोराच्या घरी दूध नसेल तर कुठून तरी सोय करायचा. त्या परंपरेबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण तिची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. वस्तादाचा शब्द शेवटचा असे. त्याला कोणी प्रश्न विचारत नसे, आणि विचारायचा म्हटला तरी विचारायची जागाच नव्हती. वस्ताद चांगला निघाला तर पोरांचं सोनं. नाही निघाला तर? त्या 'तर'चं उत्तर परंपरेपाशी नव्हतं. ते आज आपल्याला तयार करायचं आहे.

आता आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, त्यामुळे आधी संकल्पना साफ केल्याशिवाय पुढे सरकवत नाही. थोडं सहन करा.

समजा लोणी, जरूड, बेनोडा, पुसला, आपल्या तालुक्यातलं कोणतंही गाव घ्या. तिथल्या एका मुलीची शाळेच्या कबड्डी संघात निवड झाली. तालुक्याची स्पर्धा वरूडला. सकाळी गेली, दिवेलागणीला घरी आली. प्रश्न आला नाही. संघ जिंकला. जिल्ह्याची स्पर्धा अमरावतीला, नव्वदेक किलोमीटर. पहाटेची गाडी, रात्री उशिरा परत. बापानं कुरकुर केली, पण पाठवलं. तिथेही संघ जिंकला. आता विभागाची स्पर्धा. अमरावती विभागात पाच जिल्हे. यंदा समजा बुलढाण्याला आहे. म्हणजे मुक्काम. आणि इथे बाप ओसरीवर बसून विचारतो, "रात्री कुठी ठेवतीन पोरीले? संग कोण हाय? बाई हाय का सरच हायेत?" शाळेकडून उत्तर येतं, "काळजी करू नका, आमच्यावर विश्वास ठेवा." बाप विचार करतो, आणि पोरीला ताप आला असं कळवून टाकतो.

आपण म्हणतो मुली पुढे येत नाहीत, खेड्यात जागृती नाही, बाप जुन्या विचाराचा आहे. आम्हांला हे पटत नाही. त्या बापानं विचारलेले तिन्ही प्रश्न रास्त होते. त्यांची उत्तरं आधीच कागदावर असायला हवी होती. आपल्या भागात किती मुलींचा खेळ हरण्यामुळे थांबतो आणि किती जणींचा त्या पहिल्या मुक्कामापाशी थांबतो, हे ज्यांनी शाळेत नोकरी केली त्यांना सांगायला नको.

'विश्वास ठेवा' हे शब्द आपण फार सैल वापरतो. अॅनेट बायर नावाच्या तत्त्वज्ञ बाईंनी १९८६ साली विश्वास या विषयावर एक निबंध लिहिला. त्याआधी शेकडो वर्षं नीतिशास्त्रात करारावर ढीगभर लिहिलं गेलं, विश्वासावर मात्र फार थोडं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: आपण कुणावर विश्वास टाकतो, तेव्हा आपल्या मोलाच्या गोष्टीला इजा करण्याची ताकदच त्याच्या हाती देतो, आणि तो ती वापरणार नाही असं धरून चालतो. हे शब्द मुलांच्या बाबतीत लावून पाहा. मोलाची गोष्ट म्हणजे पोटचं लेकरू. इजा करण्याची ताकद म्हणजे संघात घेणं किंवा वगळणं, प्रमाणपत्रावर सही करणं, रात्री खोलीचं दार उघडं की बंद हे ठरवणं. ज्याच्या हाती इतकी ताकद दिली, त्यानं 'माझ्यावर शंका घेता?' असं विचारणं म्हणजे उलटा न्याय झाला. बँकेतला रोखपाल रोज संध्याकाळी रोकड मोजून देतो. तो चोर आहे म्हणून नव्हे. रोकड लोकांची आहे म्हणून.

शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकावाल्यांना हे आमच्यापेक्षा लवकर समजेल. संत्र्याची कलम विकत घेताना शेतकऱ्याला आत काय आहे ते दिसत नाही. खुंट जंभेरीचा की रंगपूर लाइमचा, डोळा कोणत्या झाडावरून काढला, रोग होता की नव्हता, हे कळायला पाच-सहा वर्षं जातात, आणि तेव्हा बाग हातची गेलेली असते. म्हणून मातृवृक्षाची नोंद मागायची. नोंद मागणं म्हणजे रोपवाटिकावाल्याचा अपमान नव्हे. चांगला रोपवाटिकावाला ती न मागता दाखवतो.

तर मुक्कामाचा नियम. जिथे मुली आहेत तिथे संघासोबत एक जबाबदार बाई असलीच पाहिजे. 'मिळाली तर' नव्हे. मोठी माणसं किमान दोन, आणि त्यांनी मुलांच्या खोलीत झोपायचं नाही. एकट्या मुलाला किंवा मुलीला मोठ्यानं आपल्या खोलीत बोलवायचं नाही, एकट्याला गाडीवर बसवून न्यायचं नाही. बोलायचंच असेल तर जिथे इतरांना दिसतं आणि कोणीही मध्येच येऊ शकतं अशा ठिकाणी बोलायचं. हा शेवटचा नियम अमेरिकेत आता क्रीडासंघटनांना बंधनकारक आहे. त्यामागे जे घडलं ते भयानक होतं. लॅरी नासर हा तिथल्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर. उपचाराच्या नावाखाली त्यानं वर्षानुवर्षं मुलींचं लैंगिक शोषण केलं. जानेवारी २०१८ मध्ये त्याला शिक्षा सुनावली गेली, तेव्हा दीडशेहून जास्त मुली आणि स्त्रिया कोर्टात उभ्या राहून बोलल्या. या प्रकरणातल्या दोन गोष्टी आपण लक्षात ठेवायच्या. एक, काही वेळा मुलीचे आईवडील त्याच खोलीत हजर असताना त्यानं हे केलं. म्हणजे नुसतं कोणीतरी हजर असणं पुरत नाही. काय चाललंय ते त्या माणसाला माहीत हवं, विचारायची मुभा हवी. दोन, १९९७ सालीच एका मुलीनं एका प्रशिक्षिकेला सांगितलं होतं. ऐकलं गेलं नाही. पुढे वीस वर्षं ते चालू राहिलं.

मुलगी बोलते तेव्हा मोठा माणूस काय करतो, हीच खरी कसोटी. आपल्याकडे ठरलेली वाक्यं आहेत. 'बदनामी होईल.' 'सर तसे नाहीत.' 'आपसात मिटवू.' 'आधी चौकशी करू, मग पाहू.' यातलं चौथं वाक्य सगळ्यांत शहाणं वाटतं आणि तेच सगळ्यांत चुकीचं आहे. २०१२ चा पॉक्सो कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, किंवा होईल अशी ज्याला साधार भीती वाटते, त्या प्रत्येकानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलची गोष्ट दाबली तर एक वर्षापर्यंत, आणि दंड. सद्भावनेनं कळवलं आणि पुढे आरोप शाबीत झाला नाही, तर कळवणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. आणि गुन्हा करणारा संस्थेचा कर्मचारी असेल, मुलाच्या विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवर असेल, तर कायदा तो गुन्हा जास्त गंभीर धरतो. प्रशिक्षक नेमका त्याच जागेवर असतो.

ज्ञानमीमांसेत आम्ही मुलांना शिकवतो की शंका, समजूत आणि ज्ञान या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. कायद्यानं इथे मोठा विचार केला आहे. कळवायला ज्ञान लागत नाही, पुरावा लागत नाही. साधार भीती पुरते. पुरावा तपासणं पोलिसांचं काम आणि दोष ठरवणं न्यायाधीशाचं. मुख्याध्यापक किंवा क्लबचे अध्यक्ष 'आधी आम्ही खात्री करतो' म्हणतात तेव्हा ते न मागितलेली न्यायाधीशाची खुर्ची घेतात, आणि बहुधा त्यात आरोपीचा मित्र बसलेला असतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या प्रकरणात वेळेवर न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनातल्या लोकांवरही गुन्हा नोंदला गेला. त्यानंतर सरकारनं तक्रारपेटी, सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांविषयी निर्णय काढला. सखी सावित्री समितीचा निर्णय तर २०२२ पासूनच होता. तुमच्या पोरांच्या शाळेत ती समिती आहे का, असली तर त्यात कोण आहे, हे उद्या जाऊन विचारा. आणि मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असू द्या.

कायदा इतकाच. बाकीच्या बऱ्याच गोष्टी कायद्यात बसत नाहीत आणि तरीही मूल घडवतात किंवा बिघडवतात.

त्यातली आमच्या मते सगळ्यांत मोठी म्हणजे वयाचा दाखला. इथे हशा होईल हे आम्हांला माहीत होतं. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. सोळाचा पोरगा चौदात घुसवला तर जिंकणं सोपं. जिंकलं की प्रमाणपत्र, प्रमाणपत्र असलं की दहावी-बारावीला सवलतीचे गुण, पुढे राज्याच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण. एवढं मोठं आमिष समोर असताना जन्मतारीख दोन वर्षं पुढे सरकवायला किती वेळ लागतो? पण हे कोण करतं? पोरगा करत नाही. त्याला त्यातलं काही कळतही नाही. बाप करतो, सर करतात, कोणीतरी सही करतो.

राहुल द्रविड यांनी डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीत पतौडी स्मृती व्याख्यानात हा विषय काढला होता. वय लपवणं आणि सामना विकणं यांत मूलतः फरक नाही, असा त्यांचा रोख होता. त्यांनी लहान मुलाच्या मनात शिरून विचार केला, हे आम्हांला विशेष वाटलं. ज्या मुलाला त्याचे आईबाप आणि प्रशिक्षक मिळून पहिला धडा खोट्याचा देतात, त्याच्याकडे पुढे कोणी पैशाची बॅग घेऊन आला तर त्यानं नाही का म्हणावं? अॅरिस्टॉटलची जुनी शिकवण हीच आहे. माणूस न्यायाची कृत्यं करत करत न्यायी होतो, धैर्याची करत करत धीट होतो. चांगुलपणावरची भाषणं ऐकून कोणी चांगला होत नाही. आमचं हे भाषण ऐकूनही नाही. मैदान ही सवय लागायची जागा आहे, आणि ती सवय कोणती लागावी हे कडेला उभा असलेला मोठा माणूस रोज ठरवत असतो.

आता अन्याय कोणावर होतो तेही बघा. सोळाचा पोरगा चौदात खेळला म्हणजे एक खरा चौदाचा पोरगा घरी बसला. त्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं, म्हणून तो कोणाला दिसत नाही. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडाचं वय काढायची पद्धत आहे, क्रिकेट मंडळ ती वापरतं. पण तालुक्याच्या स्पर्धेत एक्स-रे कोण काढणार? तिथे सही करणाऱ्याची लाज हाच एक्स-रे.

जो संघात असूनही दिसत नाही, त्याच्याबद्दलही बोललं पाहिजे. कबड्डीच्या चमूत १२ जण, मैदानात ७. उरलेले ५ बसून असतात. शेवटच्या तीन मिनिटांत आपण १५ गुणांनी पुढे आहोत, तरी सर त्या पाचांना उतरवत नाहीत. पोरगं चार जिल्हे फिरून येतं आणि त्याच्या पायाला तिथली माती लागलेली नसते. घरी विचारलं, "कसा खेळलास बावा?" तर म्हणतं, "बॅगा सांभाळल्या."

देशातला प्रशिक्षकांचा मोठा पुरस्कार १९८५ साली सुरू झाला, त्याला नाव दिलं द्रोणाचार्यांचं. पहिल्या वर्षी तो पी. टी. उषाचे गुरू ओ. एम. नंबियार, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज आणि कुस्तीचे भालचंद्र भागवत यांना मिळाला. थोर माणसं. त्यांच्याबद्दल काहीच म्हणायचं नाही. नावाबद्दल मात्र म्हणायचं आहे. महाभारतातल्या द्रोणांनी एकलव्याला शिकवायचं नाकारलं ते तो निषादाचा म्हणून. आणि पुढे तो आपल्या बळावर शिकला, तर लाडक्या शिष्याचा पहिला नंबर टिकावा म्हणून त्याचा अंगठा मागितला. मुलांसोबतच्या मोठ्या माणसानं जे जे करू नये, ते या एका गोष्टीत आलं: जात पाहून दार लावणं, लाडका ठरवणं, आपल्या शब्दासाठी दुसऱ्याच्या लेकराचं शरीर खर्च करणं, आणि वर त्याला गुरुदक्षिणा म्हणणं. पुरस्काराचं नाव बदला अशी आमची मागणी नाही. फक्त जो तो पुरस्कार घेईल त्यानं ती गोष्ट पुन्हा एकदा वाचावी. जात आज अंगठा मागत नाही. ती आडनावानं हाक मारते, डबा खाताना ओळ वेगळी लावते, 'तुमच्या लोकांत दम असतोच' असं कौतुकाच्या सुरात म्हणते. पोरांना हे बरोबर कळतं.

शरीर खर्च करण्याचा मुद्दा निघाला आहे तर उन्हाबद्दल आणि वजनाबद्दल. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो आणि उन्हाळी शिबिरं तेव्हाच असतात. 'पाणी पिल्यानं दम कमी होतो' असं अजून काही जण पोरांना सांगतात. ही समजूत जीवघेणी आहे. सराव सकाळी लवकर आणि दिवस कलल्यावर. मूल पाणी मागेल तेव्हा पाणी. चक्कर आली, बडबडायला लागलं, अंग तापून बोललेलं कळेनासं झालं, तर सावली, अंगावर गार पाणी, आणि दवाखाना. कुस्तीसारख्या वजनगटाच्या खेळात एक-दीड किलो उतरवायला पोरांना उपाशी ठेवून, स्वेटर घालून पळवतात. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस महिन्याभराच्या अंतरात तीन कॉलेजचे पहिलवान असंच वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथले नियम बदलले. तीन धडधाकट पोरं, काही किलोंपायी.

खर्र्याबद्दल एकच वाक्य: ज्याच्या तोंडात खर्रा आहे, त्यानं पोरांच्या तोंडासमोर शिट्टी धरू नये. शाळेच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. शिट्टीवाल्याच्या खिशात ती चालते, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसतं?

ओरडण्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलावं लागेल, कारण त्यात वाईट हेतू नसतो. मैदानाच्या कडेला उभा बाप ओरडतो, "काहून रे पोट्ट्या, पाय मोडले काय तुये? पकड न त्याले!" सर ओरडतात ते आम्ही इथे सांगत नाही, माइक चालू आहे. पंचाची तर आई-बहीण निघते. आणि मग हेच लोक म्हणतात, पोरं उद्धट झाली.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानं १९७८ च्या आपल्या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा की, खेळ म्हणजे ज्यांची काही गरज नव्हती असे अडथळे आपखुशीनं ओलांडायचा प्रयत्न. पलीकडच्या रेषेला हात लावून परत यायचं, तर सरळ चालत जा की! मध्ये सात माणसं कशाला उभी करता? पण ती उभी केली म्हणून कबड्डी झाली. या व्याख्येतला जीव 'आपखुशीनं' या शब्दात आहे. तो काढला की उरते ती वेठ. मूल भीतीपोटी मैदानात उतरलं असेल, बापाचं तोंड बघून चढाईला जात असेल, तर बाहेरून कबड्डी दिसते, पण ते मूल खेळत नसतं. मग खेळत कोण असतं? बाप खेळत असतो. त्याचं राहून गेलेलं तो पोराच्या अंगानं खेळतो. कांटचं एक सूत्र आहे, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. आम्ही ते वर्गात शिकवायचो तेव्हा मुलं उदाहरण मागायची. दर रविवारी कुठल्याही मैदानावर ते मिळतं.

कोणी म्हणेल, दटावल्याशिवाय, मारल्याशिवाय पदकं येतात काय? नॉर्वेकडे बघू. लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास, आपल्या अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांची एकत्र केली तर त्याहून जास्त भरेल. त्यांनी १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि २००७ मध्ये त्यांना मुलांच्या हक्कांचं रूप दिलं. ११ वर्षांच्या आतल्या मुलांच्या स्पर्धेत गुणतालिका नाही, क्रमवारी नाही. १३ व्या वर्षाच्या आत अजिंक्यपद स्पर्धा नाही. कोणता खेळ खेळायचा आणि किती, यात मुलाचा शब्द धरायचा. आणि २०१८ व २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सगळ्यांत जास्त पदकं याच देशाला, ३९ आणि ३७. आता तिथे बर्फ आहे, पैसा आहे, हे मान्य. नुसत्या नियमानं पदकं आली असा दावा आम्ही करणार नाही. पण न मारता, न ओरडता पदकं येत नाहीत, हा दावा तरी यापुढे करू नये. शिवाय मारणं हा आता नुसता सवयीचा प्रश्नही राहिलेला नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही द्यायला मनाई केली आहे. 'पी.टी.च्या तासाला चालतं' असं त्या कलमात कुठे लिहिलेलं नाही.

मोबाइलचं थोडक्यात. संघाचा व्हॉट्सअॅप गट असावा, त्यात पालक असावेत. मोठ्या माणसानं एकट्या मुलीला किंवा मुलाला रात्री वेगळा निरोप पाठवू नये, मग तो निरोप 'उद्या सहा वाजता ये' एवढाच का असेना. मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, कुस्ती यांत हात लावावाच लागतो. तर आधी सांगा, कुठे आणि कशासाठी धरणार ते. आणि सगळ्यांसमोर धरा.

आता तुम्हां काहींच्या चेहऱ्यावर जो प्रश्न आम्हांला दिसतो आहे तो घेऊ. एका मित्रानं चिठ्ठीवर लिहूनही दिला आहे: इतके नियम केले तर शिकवायला येणार कोण? फुकटात पहाटे उठणारी माणसं आधीच कमी, त्यांच्यावर संशय घेतला तर तीही जातील.

प्रश्न खरा आहे. असा माणूस आपल्या वरुडात आहे, चुडामणच्या काठानं पोरं पळवणारे दोघं-तिघं आम्हांला स्वतःला माहीत आहेत, आणि त्यांच्यामुळेच हे गाव खेळतं. पण नियम त्यांच्या विरुद्ध जात नाही. खोटा आरोप झाला तर त्यांना वाचवणारं काय आहे? 'मी कधीही एकट्या मुलीसोबत बंद खोलीत नव्हतो, संघासोबत नेहमी दुसरं माणूस होतं, कागद बघा.' हा कागद चांगल्या माणसाचं चिलखत आहे. ज्याला नियमाचा राग येतो त्याच्यावर आम्ही आरोप करत नाही. पण त्याला एवढं नक्की विचारू, की यातला नेमका कोणता नियम तुमच्या शिकवण्याच्या आड येतो? दार उघडं ठेवल्यानं चढाई कशी बिघडते?

देशपातळीवर उशिरा का होईना पावलं पडत आहेत. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानं क्रीडासंस्था, स्टेडियम, स्पर्धेचं ठिकाण हे सगळं कामाच्या ठिकाणात धरलं. २०२३ मध्ये महिला कुस्तीपटू जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा अनेक राष्ट्रीय संघटनांत साधी अंतर्गत तक्रार समितीसुद्धा धड नाही, हे उघडं पडलं. दहा वर्षं कायदा होता, समिती नव्हती. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात सुरक्षित खेळाच्या धोरणाची तरतूद आली आहे. पण दिल्लीचं धोरण बेनोड्याच्या मैदानावर पोचायला वेळ लागेल. तोवर त्या ओसरीवरच्या बापाला कोण उत्तर देणार?

ते आपण द्यायचं, आणि या पावसाळ्यात, तालुक्याच्या स्पर्धा सुरू व्हायच्या आधी. एक पान पुरे. शाळेनं किंवा क्लबनं पालकांना बोलवावं, मुलांनाही बसवावं, आणि ते पान मुलांपैकी कोणीतरी मोठ्यानं वाचावं. मुक्कामाला कोण सोबत जाईल, खोल्या कशा असतील, घरी रोज किती वाजता फोन होईल. मूल आजारी पडलं तर कोण घेऊन येईल. तक्रार कोणाकडे करायची, आणि तक्रार त्याच माणसाबद्दल असेल तर दुसरं नाव कोणतं. पालकांनी मैदानाच्या कडेला काय बोलायचं नाही, हेही त्यातच यावं. नियम फक्त सरांसाठी नाहीत. सही आधी अध्यक्षांची, मग मुख्याध्यापकांची, मग प्रशिक्षकाची, मग पालकांची. हा क्रम उलटा करू नका. आपल्याकडे सही नेहमी गरिबाची आधी घेतात.

राहिला पैशाचा प्रश्न, तोही चिठ्ठीत आहे: सोबत दुसरं माणूस न्यायला भाडं कोण देईल? एका माणसाचं वरूड ते बुलढाणा जाण्यायेण्याचं भाडं आणि दोन दिवसांचं जेवण. संघातल्याच एखाद्या मुलीच्या आईला पाठवावं, आळीपाळीनं. तिला एसटीत अर्धं तिकीट लागतं, २०२३ पासून. उरलेले पैसे फ्लेक्सच्या खर्चातून काढा.